ओटमील स्टाउट : चाखायची कशी, जोखायची कशी

ओटमील स्टाउटचा पहिला घोट घेतला की नवखा माणूस ओट्सची चव शोधायला लागतो. ती बहुतेक वेळा सापडत नाही. मग तो ‘कॉफीसारखी लागतेय, बरी आहे’ म्हणतो आणि ग्लास संपवून टाकतो. यात त्याचं काही चुकत नाही, नावच तसं आहे. पण या बियरमध्ये ओट्स घालतात ते चवीसाठी कमी आणि जिभेवरच्या स्पर्शासाठी जास्त. हे एकदा ध्यानात आलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे तो स्पर्श आणि गोडवा यांची गल्लत न होऊ देणं. खरी गोम तिथेच आहे, म्हणून या लेखात मीही तिथेच जास्त रेंगाळणार आहे.

आधी कामापुरती ओळख

पाणी, मोड आणून वाळवलेली बार्ली म्हणजे मॉल्ट, कडवटपणा देणारी हॉप्स नावाची फुलं आणि यीस्ट ही कुठल्याही बियरची सामग्री. स्टाउटमध्ये या मॉल्टच्या जोडीला थोडं धान्य अगदी काळं होईपर्यंत भाजून घालतात : भाजलेली बार्ली, चॉकलेट मॉल्ट, ब्लॅक मॉल्ट. चॉकलेट मॉल्टमध्ये चॉकलेट नसतं, ते नाव रंगावरून पडलंय. कॉफीही सहसा नसते. बिया भाजताना जे घडतं तेच धान्य भाजताना घडतं, म्हणून वास जुळतो. धान्य असं काळं भाजण्याची सोय झाली ती डॅनियल व्हीलर या इंग्रज माणसाच्या फिरत्या पिंपामुळे. त्याचं पेटंट १८१७ चं. त्यानंतर पोर्टर ही स्टाउटची पूर्वज बियर आणि स्टाउट खऱ्या अर्थाने काळ्या झाल्या.

ओट्सचा प्रवेश झाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्या काळी ब्रिटनमध्ये आजारी, अशक्त माणसांना ‘पौष्टिक’ म्हणून स्टाउट पाजायची पद्धत होती आणि ओट्सची पौष्टिकतेबद्दल आधीच ख्याती होती. स्कॉटलंडमध्ये सुरुवातीला ओट्सचा मॉल्ट भरपूर घालून अशी स्टाउट बनवली गेली. पुढे इंग्लंडमधल्या काही ब्रूअरींनी शॉर्टकट काढला. नेहमीच्याच स्टाउटमध्ये मूठभर ओट्स टाकायचे आणि लेबलवर ‘ओटमील’ छापायचं! म्हणजे लेबल बघून भुलू नये हा धडा तेव्हापासूनचा आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ही बियर जोरात होती, नंतर जवळजवळ नाहीशी झाली. १९८० च्या सुमारास यॉर्कशरमधल्या टॅडकॅस्टर गावच्या सॅम्युअल स्मिथ ब्रूअरीने अमेरिकेत पाठवण्यासाठी ती पुन्हा काढली. तिथल्या क्राफ्ट, म्हणजे छोट्या स्वतंत्र ब्रूअर्सनी ती उचलली आणि आज पुण्या-मुंबईच्या नळाला जी ओटमील स्टाउट येते तिचं घराणं हेच.

जोखायला मापदंड लागतो. जगभरच्या स्पर्धांत अमेरिकेतल्या बीजेसीपी, म्हणजे बियर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या संस्थेची नियमावली सर्वाधिक वापरली जाते. त्यात ओटमील स्टाउट १६ब या क्रमांकावर आहे. मद्यार्क ४.२ ते ५.९ टक्के, कडवटपणा २५ ते ४० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक), रंग गडद तपकिरी ते काळा. ओट्सचं प्रमाण एकूण धान्याच्या साधारण ५ ते २० टक्के. आकडे पाठ करायची गरज नाही. ही मध्यम ताकदीची, मध्यम कडू, भरदार अंगाची, म्हणजे तोंडात भरीव लागणारी बियर आहे एवढं लक्षात ठेवा. आठ-नऊ टक्क्यांची, कॉफी आणि चॉकलेट खरोखर घातलेली ‘ओटमील स्टाउट’ कुणी पुढे केली तर ती उत्तम असू शकेल, पण तिला या फूटपट्टीने मोजू नका.

बाटली उघडण्याच्या आधी

बियर फ्रिजमधून काढून लगेच चाखायची नाही. चार-पाच अंशांवर जीभ बधिर होते, वास उठतच नाही आणि सगळ्या स्टाउट सारख्याच लागतात. या बियरला १० ते १३ अंश हवेत. फ्रिजबाहेर वीसेक मिनिटं ठेवली की बहुधा तिथपर्यंत पोचते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये दहा-बारा मिनिटंही पुरतात. टॅपरूममध्ये, म्हणजे नळाची बियर देणाऱ्या बारमध्ये, कुणी बर्फाळ मग आणून ठेवला तर तो परत करा आणि साधा ग्लास मागा. अशी मागणी करणाऱ्याकडे वेटर जरा विचित्र नजरेने बघतो, बघू दे.

ग्लास काचेचा हवा. वर थोडा निमुळता होणारा असेल तर वास धरून ठेवतो, वाईनचा लहान ग्लासही चालतो. स्टीलचा पेला नको. ग्लासला तेलकटपणा किंवा साबण राहिला असेल तर फेस बसतो आणि तुम्ही उगाच बियरला दोष देता. तपासायची युक्ती सोपी आहे : ग्लास आतून ओला करा आणि चिमूटभर मीठ भुरभुरवा. सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ, मधे मधे मोकळे पट्टे राहिले तर तिथे ओशटपणा आहे. मग मीठ धुऊन टाका आणि ग्लास पालथा घालून निथळू द्या. फडक्याने पुसलात तर फडक्याचा वास लागतो.

चखणा लांब ठेवा. मसाला पापड, शेव, चकली सगळं नंतर. सोबत साधं पाणी आणि साधा पाव, बस्स. अत्तर, डिओ, आणि हो, थोड्या वेळापूर्वी खाल्लेलं पानही आडवं येतं. एका वेळी ५०-६० मिली पुरे. चार नमुने असतील तर हलक्याकडून जडाकडे जा, नाहीतर पहिल्याच गोड, जड स्टाउटनंतर बाकीच्या पाणीदार वाटतील. महाराष्ट्रात बियरसाठी वयाची अट २१ वर्षं आहे आणि पिण्याचा परवाना लागतो हे माहीत असेलच. चाखून झाल्यावर गाडी चालवायची नाही हे सांगायला नको.

तीन कप कॉफी : बियरआधीचा सराव

हा सराव कुणी टाळू नये असं मला वाटतं, कारण यात बियरचा थेंबही लागत नाही आणि सगळ्यात अवघड गोष्ट कळते. तांदळाची पेज दाट असते पण गोड नसते, साखरपाणी गोड असतं पण दाट नसतं. शब्दांत हे सरळ दिसतं, तोंडात मात्र दोन्ही एक होऊन जातात. म्हणून हे करून बघा.

दोन मोठे चमचे साधे ओट्स पाव लिटर पाण्यात मंद आचेवर पाच-सहा मिनिटं उकळा. फडक्यातून गाळा, पण पिळू नका, नुसतं निथळेल तेवढंच पाणी घ्या. कोरी, बिनसाखरेची कॉफी करून गार होऊ द्या आणि तीन कपांत सारखी ओता. पहिल्या कपात थोडं साधं पाणी घाला. दुसऱ्यात तेवढंच पाणी आणि एक लहान चमचा साखर. तिसऱ्यात तेवढंच ओट्सचं पाणी. तिन्ही कप एकाच तापमानाला येऊ द्या. घरातल्या कुणाला तरी ते उलटसुलट करून द्यायला सांगा आणि डोळे मिटून घोट घ्या.

दुसरा कप जाड वाटेल, पण गिळल्यावर ओठ एकमेकांना किंचित चिकटतील. तिसरा कप जिभेवरून घरंगळत जाईल. गिळून झाल्यावर जीभ टाळूवरून फिरवा. तिथे निसरडा, पातळसा थर जाणवेल आणि त्यात गोडी नसेल. हीच ओट्सची खूण. तिसऱ्या कपात कॉफीचा कडूपणाही जरा बोथट झालेला जाणवेल. ब्रूअर स्टाउटमध्ये ओट्स घालतो तो नेमका याचसाठी : भाजलेल्या धान्याच्या टोकदार कडा बोथट करायला, तेही बियर गोड न करता. दुसरा आणि तिसरा कप न बघता ओळखता येईपर्यंत हा खेळ खेळत राहा.

ओतणं आणि बघणं

ग्लास तिरका धरून अर्धा भरा, मग सरळ करून उरलेली मधोमध ओता. दोन बोटं फेस यायला हवा. रंगाने बदामी ते फिकट तपकिरी, पोत दाट, लहान बुडबुड्यांचा. तो काही मिनिटं टिकावा आणि पीत जाल तशी काचेवर त्याची नक्षी उरावी.

ओट्सचा इथे दुटप्पी कारभार आहे. त्यातली प्रथिनं फेसाला आधार देतात, पण ओट्समध्ये स्निग्धांश बार्लीपेक्षा बराच जास्त असतो आणि स्निग्ध पदार्थ फेसाचा वैरी. त्यामुळे ग्लास स्वच्छ असूनही फेस मिनिटभरात विरला तर ब्रूअरला हा तोल साधला नाही असं समजायला जागा आहे. मग मोबाइलचा टॉर्च ग्लासामागे धरा. नुसती काळी दिसणारी बियर कडांना माणकासारखी लालसर दिसते. ती गढूळ नसावी. बीजेसीपीच्या गुणतक्त्यात रूपाला ५० पैकी फक्त ३ गुण आहेत, तेव्हा इथे फार वेळ घालवू नका. फेस विरतोय तसा वासही उडून जातोय.

वास

खरं तर ओतल्याबरोबर पहिला वास घ्यायचा, बघणं त्यानंतर. काही वास पहिल्या अर्ध्या मिनिटात निघून जातात आणि नाकही त्याच वासाला पटकन सरावतं. आधी ग्लास न हलवता एक छोटा हुंगा, जे सुचेल ते कागदावर. मग ग्लास हलकेच फिरवून दोन-तीन लहान हुंगे. मग तळहाताने ग्लास झाकून दहा सेकंद थांबा, हात काढा आणि एकदा दीर्घ श्वास घ्या. नाक दमलं तर स्वतःच्या शर्टाची बाही हुंगा. आपल्या अंगाच्या वासाला नाक सरावलेलं असतं, त्यामुळे ते ताळ्यावर येतं.

काय सापडायला हवं? दूध घातलेल्या कॉफीचा भास, कोको, खरपूस टोस्ट, मागे कुठेतरी कॅरॅमल. इंग्लिश धाटणीच्या बियरमध्ये काळ्या मनुकांसारखा फळांचा पुसटसा वास असतो, तो यीस्टकडून येतो. अमेरिकन धाटणीत फळं कमी आणि हॉप्स थोडे जास्त. ओट्सचा स्वतःचा वास आलाच तर अक्रोडासारखा, धान्याचा, अगदी हलका. नाही आला तर गुण कापायचे नाहीत.

‘छान वास’, ‘स्ट्राँग वास’ असं लिहू नका. त्यातून कुणालाच काही कळत नाही. कॉफी असेल तर कुठली? ताज्या दळलेल्या पुडीची, की सकाळची दुपारी पुन्हा गरम केलेली? पहिली हवीशी आहे, दुसरी नाही. करपलेल्या भाकरीचा वास थोडा असेल तर चालतो, पण चुलीतल्या राखेकडे झुकला की भाजणं हाताबाहेर गेलं किंवा काळं धान्य जास्त पडलं.

घोट

तोंडभर पण मोठा नाही असा घोट घ्या, जिभेवर सगळीकडे फिरवा आणि गिळा. वाईनसारखी थुंकायची नाही. जिभेच्या मागच्याच भागाला कडू कळतं हे जुनं चित्र खोटं आहे, पण कडूपणा गिळल्यानंतर रेंगाळतो आणि तो किती वेळ, कसा रेंगाळतो हे बघायला गिळावंच लागतं. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. चव म्हणून आपण जे समजतो त्यातला बराच भाग या उलट्या वाटेने नाकाला मिळतो.

तीन टप्पे वेगळे पाहा. सुरुवातीला मॉल्टचा गोडसरपणा, ब्रेडसारखा, कॅरॅमलसारखा. मध्यात भाजलेलं धान्य : कॉफी, गडद चॉकलेट, थोडा अक्रोड. शेवटी कडूपणा आणि गोडवा यांची ओढाताण. ओटमील स्टाउटचा शेवट मध्यम गोड ते मध्यम कोरडा असावा. आयरिश ड्राय स्टाउट याहून कोरडी आणि टोकदार असते. मिल्क स्टाउट याहून गोड, कारण तिच्यात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर घालतात आणि बियरचं यीस्ट ती खाऊ शकत नाही. ओटमील स्टाउट या दोघींच्या मधे बसते. शक्य असेल तर तिन्ही एकत्र मागवून बघा. एकट्या बियरचं अंग किती भरदार ते सांगता येत नाही, शेजारी दुसरी ठेवली की लगेच कळतं.

कडूपणा दोन वाटांनी येतो, हॉप्समधून आणि काळ्या धान्यातून. हॉप्सचा स्वच्छ असतो आणि जिभेवर पसरतो. धान्याचा कोरडा असतो, कोको पावडरसारखा. तुरटपणा मात्र वेगळा धरा, ती चव नाहीच. गाल आत ओढल्यासारखे वाटले, दातांवर कोरडा लेप बसल्यासारखं झालं तर तो तुरटपणा. काळं धान्य जास्त झालं किंवा ते फार गरम पाण्याने, फार वेळ धुतलं गेलं की हे होतं. ओटमील स्टाउटमध्ये हा दोष मोठाच धरावा, कारण ज्या मऊपणासाठी ओट्स घातले त्यावर तो पाणी फिरवतो.

थोडा आंबटसर डंख लागला तर काळ्या धान्याचा संशय घ्या. ते आम्लधर्मी असतं आणि पाणी त्याला तोलून धरणारं नसेल तर बियर टोचते. फार आंबट, दह्याच्या निवळीसारखी लागली तर तो जंतूंचा प्रताप.

जिभेवरचा स्पर्श

आता मुख्य काम. ओट्समध्ये बीटा-ग्लुकान नावाचा विरघळणारा तंतू असतो. ओट्स शिजवल्यावर जो बुळबुळीतपणा येतो तो त्याचाच. बियरमध्ये तो योग्य प्रमाणात उतरला तर द्रव रेशमी होतो. कमी पडला तर नुसतं नाव उरतं. जास्त झाला तर बियर ओशट, तेलकट लागते, धान्याची चव उग्र होते आणि शेवट कोरडा पडतो. थोडासा तेलकट निसरडेपणा या शैलीला मान्य आहे. दुसरा घोट नकोसा वाटला की सीमा ओलांडली असं समजा.

फसवणूक करणाऱ्या गोष्टी तीन.

पहिली साखर, ती तुम्ही कॉफीच्या कपात पकडलीच आहे. बियरमध्ये आणखी एक युक्ती करा. नाक चिमटीत धरून घोट घ्या. कॅरॅमल, चॉकलेट यांचे वास आपल्याला गोडीची आठवण करून देतात आणि मेंदू बियर आहे त्याहून गोड ठरवतो. नाक बंद केल्यावर खरी गोडी, खरा कडूपणा आणि खरा स्पर्श एवढंच उरतं. नाक बंद असतानाही बियर मऊ, भरदार लागली तर ओट्सनी काम केलंय.

दुसरी फसवणूक नायट्रोजनची, आणि टॅपरूममध्ये हिच्यात भलेभले सापडतात. आयर्लंडच्या गिनेस ब्रूअरीने १९५९ मध्ये नायट्रोजनवर चालणारी ड्राफ्ट, म्हणजे नळाची स्टाउट आणली आणि १९८८ मध्ये तीच करामत कॅनमध्ये बसवली. नायट्रोजन बियरमध्ये फारसा विरघळत नाही, त्याचे बुडबुडे बारीक होतात, फेस सायीसारखा बसतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड कमी असल्यामुळे जिभेला झोंबत नाही. परिणामी ओट्सचा दाणाही नसलेली स्टाउट मखमली वाटते. गिनेसच घ्या, चार-सव्वाचार टक्क्यांची अगदी हलकी बियर, पण लोक तिला ‘जेवणासारखी जड’ म्हणतात! म्हणून नायट्रोवरची ओटमील स्टाउट चाखताना आधी फेसासकट घोट घ्या, मग ग्लास जोरात फिरवून फेस खाली बसू द्या, पाच-दहा मिनिटं थांबा आणि खालचा द्रव चाखा. तोही दाट असेल तर श्रेय ओट्सचं. पाणचट निघाला तर वायूचं. काही ठिकाणी एकच बियर साध्या आणि नायट्रो अशा दोन्ही नळांवर असते. तिथे दोन्ही मागवण्यासारखं शिक्षण नाही.

तिसरी गोष्ट उलट दिशेने फसवते. बियरमध्ये गॅस जास्त असेल तर बुडबुडे जिभेला टोचत राहतात आणि असलेला रेशमीपणाही कळत नाही. बाटलीतल्या बियरबाबत हे बरेचदा होतं. ग्लास फिरवून थोडा गॅस काढा, पुन्हा चाखा, आणि शेऱ्यात दोन्ही गोष्टी लिहा : गॅस जास्त आहे, पण खाली अंग चांगलं आहे. गॅस कमी करणं ब्रूअरला सोपं असतं, अंग नव्याने आणायचं तर सगळी कृती बदलावी लागते.

दोष

दोषांची यादी मोठी आहे. स्टाउटमध्ये भाजलेल्या धान्याच्या आड बरेच दोष लपतात, म्हणून मी फक्त नेहमी भेटणारे सांगतो. लोण्याचा, बटर पॉपकॉर्नचा वास म्हणजे डायअॅसिटिल : आंबवण्याच्या शेवटी यीस्टला पुरेसा वेळ दिला नाही, किंवा नळ आणि नळ्या अस्वच्छ आहेत. इंग्लिश धाटणीत हा अगदी थोडा असेल तर चालवून घेतात. हा रेशमीपणाची नक्कल करतो, तेव्हा जपून. उकडलेल्या मक्याचा वास डीएमएस या गंधकयुक्त रसायनाचा, कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास अॅसिटाल्डिहाइडचा, म्हणजे बियर कोवळी आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास हवा लागल्याचा. गडद बियरमध्ये हवा लागल्यावर पुठ्ठ्याऐवजी कधी कधी शेरी वाईनसारखा गोडसर वास येतो आणि नवख्यांना तो आवडतोही. सोया सॉसचा खारट-मांसल वास आला तर यीस्ट मरून फुटलंय, बियर जुनी झालीय किंवा गाळावर फार दिवस पडून होती. दवाखान्यातल्या पट्टीचा वास बहुधा पाण्यातल्या क्लोरीनमुळे.

या शैलीचा खास दोष मात्र खवटपणा. ओट्समधला स्निग्धांश जुना झाला की जुन्या शेंगदाण्यासारखा खवट होतो, आणि तो वास शेवटच्या घोटात, बियर कोमट झाल्यावर जास्त उघडा पडतो. म्हणून ग्लासात दोन घोट राखून ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चाखा. चांगली ओटमील स्टाउट कोमट झाल्यावर अधिक बोलकी होते.

गुण देणं

बीजेसीपीच्या तक्त्यात ५० गुण असतात : वास १२, रूप ३, चव २०, स्पर्श ५, एकूण परिणाम १०. बेरीज ४५ किंवा त्याहून जास्त असेल तर असामान्य, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, २१ ते २९ चांगली, त्याखाली दोषयुक्त. कितीही वाईट बियर असली तरी सौजन्य म्हणून १३ च्या खाली सहसा जात नाहीत.

या वाटणीत ओटमील स्टाउटची एक अडचण आहे. जी गोष्ट तिला इतर स्टाउटपासून वेगळं करते तिला फक्त ५ गुण! समजा, एक नमुना आहे. कॉफी-कोकोचा वास सुरेख, चव स्वच्छ, पण द्रव पाणचट. वास ९, रूप ३, चव १४, स्पर्श २ असे २८ होतात. आता एकूण परिणामाचे १० गुण उरले. बियर रुचकर आहे म्हणून तुम्ही ८ देऊन टाकले तर बेरीज ३६, आणि एक पाणचट बियर ‘फार चांगली ओटमील स्टाउट’ ठरते. दुसरा नमुना घ्या. वास थोडा अबोल, फेस लवकर बसला, पण स्पर्श असा की तीन कपांतला तिसरा कप आठवावा. वास ८, रूप २, चव १४, स्पर्श ५, म्हणजे २९. माझ्या मते शैलीचा न्याय या शेवटच्या दहा गुणांतच करायचा असतो. पहिल्याला तिथे ५, दुसऱ्याला ८. म्हणजे ३३ आणि ३७. नुसती आवड मोजायची असती तर ओटमील हा वर्ग वेगळा काढलाच कशाला?

दोघेतिघे मिळून चाखत असाल तर गुण लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, चेहऱ्यावरही काही दाखवायचं नाही. एकाने ‘अरे वा, काय कॉफी आहे!’ म्हटलं की सगळ्यांना कॉफीच लागते. लिहून झालं की आकडे ताडा. स्पर्धांमध्ये परीक्षकांचे गुण साधारण ७ च्या आत असावेत असा दंडक आहे. त्याहून जास्त फरक पडला तर पुन्हा चाखून चर्चा करायची. फरक बहुधा स्पर्शाच्या आणि गोडीच्या रकान्यात सापडतो.

सराव कुठे करायचा

पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रूअरी, म्हणजे जागेवरच बियर बनवून देणारं ठिकाण, सुरू झाली आणि त्यानंतर पुणे-मुंबईत टाकीतून थेट ग्लासात येणारी ताजी बियर बऱ्याच ठिकाणी मिळू लागली. स्टाउट बारा महिने नसते, पावसाळ्यात आणि थंडीत चौकशी करा. पूर्ण ग्लास न घेता नमुन्याचे लहान ग्लास मागा. ब्रूअर मोकळा दिसला तर तीन प्रश्न विचारा : ओट्स किती टक्के, चपटे केलेले की मॉल्ट केलेले, आणि ही बियर टाकीत कधीपासून आहे. असे प्रश्न आले की ब्रूअर खुलतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींची चैन आहे. सॅम्युअल स्मिथची ५ टक्क्यांची ओटमील स्टाउट तिथे सहज मिळते आणि फूटपट्टी म्हणून तीच वापरावी. तिचा शेवट बराच गोडसर आहे, हे मात्र ध्यानात असू द्या. तिच्यावर जीभ बसली तर अमेरिकन धाटणीची कोरडी ओटमील स्टाउट चुकीची वाटायला लागेल. म्हणून अमेरिकेत-कॅनडात असाल तर कॅलिफोर्नियातल्या अँडरसन व्हॅलीची बार्नी फ्लॅट्स किंवा माँट्रियलची सँ-ताँब्रुआझ शोधा. दोन्ही नावाजलेल्या आहेत.

शेवटी शेरा. ब्रूअरसाठी लिहीत असाल तर आकड्यापेक्षा त्याला शेऱ्याचा उपयोग जास्त. ‘बॉडी कमी’ एवढं लिहून थांबू नका. ‘पहिल्या घोटाला भरदार वाटली, फेस बसल्यावर मध्यात पातळ पडली, शेवट कोरडा आणि किंचित तुरट. ओट्स वाढवून किंवा काळी बार्ली थोडी कमी करून बघता येईल’ असं लिहा. आधी काय जाणवलं, मग ते कधी जाणवलं, मग कारणाचा अंदाज, या क्रमाने. कारणाबद्दल खात्री नसेल तर ते सोडून द्या, जाणवलेलं मात्र पूर्ण लिहा. त्या बियरमध्ये काय काय घातलंय ते ब्रूअरला माहीत असतं, कारण तो शोधून काढेल.